रिकामा तलाव वर का येतो?

जमिनीत खोल बांधलेला, आत लोखंडी सळया घातलेला, वीस-बावीस टन वजनाचा काँक्रीटचा हौद कधी आपण होऊन वर उचलला जाईल का? "छे, काहीतरीच!" असे तुम्ही म्हणाल. परंतु असे घडते, आणि तेही कोणी हात न लावता. लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांत पुष्कळ बंगल्यांच्या आवारात पोहण्याचे छोटे तलाव बांधलेले असतात. ऐन पावसाळ्यात असा तलाव रिकामा करून, घासूनपुसून ठेवावा, असे एखाद्या घरमालकास वाटते. तो पंप लावून पाणी उपसतो. रात्रभर पाऊस कोसळतो आणि सकाळी पाहावे तो तलावाची एक बाजू वीतभर वर आलेली, भोवतालची फरशी उखडलेली आणि नळ तुटलेले!

हा चमत्कार नव्हे. याचे उत्तर तुमच्या शाळेतील भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. चला तर, ते शोधू या. आणि तलावाभोवतीच्या पाण्याचा निचरा कसा करावा, हेही त्याच ओघात पाहू या.

आर्किमिडीज जमिनीखाली

द्रवात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूस सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल खालून वर लागते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला माहीत आहे. वस्तूचे वजन या बलापेक्षा कमी असेल तर वस्तू तरंगते. लोखंडाचे जहाज याच कारणाने तरंगते. मग रिकामा तलाव म्हणजे तरी काय? पाण्याऐवजी ओल्या मातीत रोवलेले एक चौकोनी जहाजच!

आता थोडे गणित करू. समजा, तलावाची बाहेरची लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर व उंची १.५ मीटर आहे, आणि त्याच्या भिंती व तळ १५ सेंटिमीटर जाडीचे आहेत.

बाहेरचे घनफळ: ८ × ४ × १.५ = ४८ घनमीटर.
आतले घनफळ: ७.७ × ३.७ × १.३५ = सुमारे ३८.५ घनमीटर.
म्हणजे काँक्रीटचे घनफळ सुमारे ९.५ घनमीटर.

एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २.४ टन धरले, तर रिकाम्या तलावाचे वजन झाले सुमारे २३ टन. भोवतालच्या जमिनीत काठापर्यंत पाणी भरले, तर तलाव ४८ घनमीटर पाणी बाजूस सारतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणून प्लावक बल ४८ टन. खाली ओढणारे २३, वर ढकलणारे ४८! भिंतींना धरून ठेवणारी माती थोडा विरोध करते खरी, पण ती चिंब भिजली की तिची पकडही ढिली पडते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "पण तलावाभोवती पाणी कुठे आहे? तिथे तर माती आहे!" प्रश्न रास्त आहे. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या पाण्याने भरल्या की मोकळ्या पाण्याप्रमाणेच त्यांतून दाब सर्वत्र पोचतो. पाण्याची पातळी तळापासून १.५ मीटर उंच असेल, तर तळाच्या दर चौरस मीटरवर १.५ टन इतका दाब खालून पडतो. तळाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. ३२ × १.५ = ४८ टन. पाहा, दाबाच्या वाटेने गेलो तरी आपण त्याच उत्तरापाशी पोचलो.

तलाव केव्हा उचलला जाईल, हेही आता सांगता येईल. २३ भागिले ३२ म्हणजे सुमारे ०.७२. भोवतालचे पाणी तळापासून सुमारे ७२ सेंटिमीटरच्या वर चढले, की रिकामा तलाव धोक्यात आला. हा ७२चा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

भरलेल्या तलावाचे काय? आतले ३८.५ टन पाणी मिळवले की एकूण वजन ६१ टनांच्या वर जाते. ४८ टनांचे बल त्याला हलवू शकत नाही. म्हणूनच पहिला नियम असा: पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये. आतले पाणी हाच त्याचा नांगर आहे.

खड्डा की वाटी?

"आमच्याकडे विहिरीला पाणी दहा मीटरवर लागते. मग आम्हांला भीती कसली?" असे कोणी म्हणेल. येथेच पुष्कळांची फसगत होते.

तलाव बांधताना आधी त्याच्यापेक्षा मोठा खड्डा खणतात. बांधकाम झाल्यावर भिंत आणि खड्ड्याची कड यांमधली जागा माती, मुरूम, वाळू यांनी भरून काढतात. ही भर मूळ जमिनीपेक्षा सैल असते. सह्याद्रीच्या परिसरात मातीच्या थराखाली काळा कातळ लागतो. देशावर चिकण काळी माती असते. दोन्हींतून पाणी सहजासहजी झिरपत नाही. म्हणजे काय झाले? कातळात खोदलेला खड्डा ही एक वाटी झाली आणि तलाव त्या वाटीत ठेवलेली दुसरी वाटी! वरून पडणारा पाऊस सैल भरीतून खाली उतरतो आणि बाहेरच्या वाटीत साठून राहतो. विहिरीचे पाणी कितीही खोल असो, तलावाभोवती स्वतंत्र पाणी उभे राहते.

हे पाणी किती असू शकेल? १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी जमते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशेबाने एवढ्याच छपरावरून दिवसभरात ९४,००० लिटरांहून अधिक पाणी वाहिले असणार! पागोळ्यांचे हे पाणी तलावाच्या कडेला पडत असेल, तर बाहेरची वाटी भरायला वेळ तो किती लागणार?

आधी रोग ओळखा

तलावाभोवती चिखल राहतो, हिरवळ कुजते, फरशी खचते, अशी तक्रार असेल तर आधी पाणी कुठून येते ते शोधले पाहिजे. संशयित तीन: पावसाचे पाणी, पोहणाऱ्यांनी उडवलेले पाणी आणि तलावाची गळती. पहिले दोन डोळ्यांनी दिसतात. तिसऱ्याला पकडण्यासाठी एक सुरेख प्रयोग आहे.

पाऊस नसलेला दिवस निवडा. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवा. तिचा काठ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. बादलीत तलावाचेच पाणी घाला, आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी करा. दोन्ही पातळ्यांवर खूण करा. पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी पाहा. ऊन, वारा आणि हवेतील दमटपणा दोन्ही पाण्यांना जवळजवळ सारखाच, म्हणून बाष्पीभवनाने दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या पाहिजेत. तलावाची पातळी जास्त उतरली असेल, तर जास्तीचे पाणी गळून गेले. आपल्या तलावात हा फरक अवघा १ सेंटिमीटर असला, तरी गळती दिवसाला सुमारे २८५ लिटर होते! अशा ठिकाणी कितीही चर खणा, ओल हटणार नाही. आधी गळती बंद केली पाहिजे.

या प्रयोगातील बादलीचे काम नीट ध्यानात घ्या. केवळ तलावाची पातळी मोजली असती, तर बाष्पीभवन किती आणि गळती किती, हे कळलेच नसते. तुलनेसाठी ठेवलेल्या अशा दुसऱ्या वस्तूवाचून प्रयोगाला अर्थ येत नाही.

पहिला उपाय: उतार

जमिनीत मुरलेले पाणी बाहेर काढण्यापेक्षा त्याला मुरूच न देणे सोपे आणि स्वस्त. छपराचे पाणी पन्हळीत धरून नळाने दूर न्यावे. तलावाच्या काठची फरशी तलावाकडून बाहेरच्या बाजूस उतरती असावी. दर ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर, एवढा उतार पुरतो. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या फरशीत ६ सेंटिमीटर. उतार बाहेर ठेवायचा याचे आणखी एक कारण असे, की अंगणातली माती आणि पालापाचोळा वाहत तलावात जाऊ नये. मात्र हा उतार घराच्या जोत्याकडे असता कामा नये. घर आणि तलाव यांच्या मधोमध जाळी घातलेली उथळ मोरी काढली, म्हणजे दोहोंकडून येणारे पाणी तीत पडते.

एवढा अल्प उतार नुसत्या नजरेला कळत नाही. गवंडी त्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. नळीची दोन टोके कितीही दूर नेली, तरी दोन्हींकडील पाणी एकाच पातळीत राहते. एका टोकापाशी पाण्यापासून फरशीपर्यंतचे अंतर मोजा, दुसऱ्या टोकापाशीही मोजा. दोहोंतील फरक म्हणजेच उतार. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर मात्र माप चुकते, म्हणून नळी सावकाश भरावी.

दुसरा उपाय: खडीचा चर

उतार करूनही काही पाणी मुरणारच. त्यासाठी जमिनीखालून वाट करून द्यावी लागते. चर खणून त्यात खडी भरतात आणि खडीच्या तळाशी भोके पाडलेला नळ घालतात. या चराला परदेशांत 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. गंमत अशी, की या नावाचा फ्रान्स देशाशी संबंध नाही! अमेरिकेतील हेन्री फ्लॅग फ्रेंच या गृहस्थांनी १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर एक पुस्तक लिहिले, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडले. वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकातला लिंकनचा भव्य पुतळा घडवणारा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हा त्यांचाच मुलगा.

मात्र चरातून पाणी का वाहते, याचा नियम एका फ्रेंच माणसानेच दिला. दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा अभियंता आंरी दार्सी याने वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजमापे केली आणि १८५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याला असे आढळले, की वाळूतून दर सेकंदाला जाणारे पाणी हे थराच्या क्षेत्रफळाच्या आणि दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीतील फरकाच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. आणि यात एक गुणांक येतो. तो त्या पदार्थाची पार्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, दाखवतो.

हा गुणांक पदार्थागणिक किती बदलतो ते पाहण्यासारखे आहे. स्थूलमानाने स्वच्छ खडीचा गुणांक सेकंदाला १ सेंटिमीटर धरला, तर चिकण मातीचा त्याच्या दहा लाखांश किंवा त्याहूनही कमी भरतो. एक चौरस मीटर क्षेत्रातून, सारख्याच परिस्थितीत, खडी सेकंदाला १० लिटर पाणी जाऊ देईल. चिकण माती सबंध दिवसात एक लिटरसुद्धा नाही! पाणी सोपी वाट धरते, म्हणून भोवतालची ओल चराकडे धाव घेते.

चर करताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, खोली. येथे आपला ७२चा आकडा कामास येतो. तलावाचा तळ जमिनीपासून १५० सेंटिमीटर खाली आहे. पाणी तळापासून ७२ सेंटिमीटरपेक्षा वर चढू द्यायचे नाही, म्हणजे ते जमिनीपासून ७८ सेंटिमीटरच्या खालीच राहिले पाहिजे. गुडघाभर खोल चर काढला तर हिरवळ कोरडी होईल, पण रिकामा तलाव वाचणार नाही. त्यासाठी चर तलावाच्या तळाइतका खोल हवा. असा चर बांधकामाच्या वेळीच घेणे शहाणपणाचे. नंतर घ्यायचा तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. खोल चराच्या कडा ढासळून माणसे गाडली जातात, तेव्हा हे काम मुलांनी किंवा एकट्यादुकट्याने करण्याचे नव्हे.

दुसरी, नळाची भोके. ती खालच्या बाजूस ठेवतात! हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु चरात पाणी तळापासून वर चढत येते. भोके खाली असली की पाणी थोडेसे चढताच नळात शिरते. ती वर असली तर सारा नळ बुडेपर्यंत पाणी साचावे लागते.

तिसरी, गाळणी. खडीच्या पोकळ्यांत बारीक माती शिरली की काही पावसाळ्यांत चर बुजतो. म्हणून खडीभोवती पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड गुंडाळतात, किंवा माती आणि खडी यांच्यामध्ये वाळूचा थर देतात. वाळूचे कण इतके मोठे हवेत की पाणी सहज जावे, आणि इतके लहान की मातीचे कण अडावेत. मृदायांत्रिकीचा जनक कार्ल टर्झागी याने अशा गाळण्यांचे नियमच घालून दिले आहेत.

चौथी, पाण्याचे ठिकाण. चराला दर मीटरला १ सेंटिमीटर उतार देऊन त्याचे तोंड आवारातल्या सर्वांत खोल जागी काढावे. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली ते सोडून देणे म्हणजे आपला रोग दुसऱ्याला देणे. जागा सपाट असेल तर पाणी एका खड्ड्यात गोळा करून पंपाने उपसावे. शोषखड्डा करायचा असेल तर आधी परीक्षा घ्या: ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, एकदा पाण्याने भरून ते मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरते ते मोजा. एक सेंटिमीटरही उतरले नाही, तर तेथे शोषखड्डा व्यर्थ. तलाव धुण्याचे पाणी मात्र या चरात सोडू नये. त्यात क्लोरीन असते, त्याची वाट वेगळी ठेवावी.

काही तलावांच्या तळाशी एक झडपही बसवतात. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि जमिनीतले पाणी तलावात घेते. तलावात थोडे गढूळ पाणी आले तर चालेल. तलाव मोडण्यापेक्षा ते बरे!

जुना धडा, नवा उपयोग

निचऱ्याची ही काळजी आजची नाही. सिंधमधील मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे. तेथील तलाव सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटा चिरोडीच्या चुन्यात घट्ट बसवलेल्या आहेत, पाणी झिरपू नये म्हणून डांबरासारख्या द्रव्याचा थर दिलेला आहे, आणि तलाव रिकामा करण्यासाठी माणूस शिरू शकेल असे उंच गटार बांधलेले आहे. तलाव आणि त्याचा निचरा ही जोडी त्या कारागिरांनी एकत्रच विचारात घेतली होती.

"आमच्या घरी तलाव नाही, मग हे कशाला शिकायचे?" असे म्हणू नका. गृहसंकुलातील पाण्याची जमिनीखालची टाकी, सेप्टिक टाकी, पेट्रोल पंपाखालची तेलाची टाकी, या सर्वांना हाच नियम लागू आहे. प्लॅस्टिकची हलकी टाकी पुरून ठेवली आणि पावसाळ्यात ती रिकामी राहिली, तर ती भुईतून डोके वर काढते; म्हणून तिला खाली काँक्रीटच्या लादीशी बांधून ठेवतात. सांगली-कोल्हापूर भागात नदीकाठच्या काळ्या जमिनींना वर्षानुवर्षे अति पाणी दिल्याने कित्येक शेते क्षारपड झाली. पाण्याची पातळी वर आली, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागावर चढले, उन्हाने ते उडून गेले आणि क्षार मागे उरले. तेथेही भोके पाडलेले नळ जमिनीखाली घालून निचरा केला जातो, आणि पुन्हा ऊस उभा राहतो. बंगल्याच्या आवारातला चर आणि शेतकऱ्याच्या शेतातला चर दार्सीचा एकच नियम पाळतात.

करून पाहा

एक जुनी बादली घ्या. तळाशी एक भोक पाडून त्यात घट्ट बूच बसवा. बादलीत चार बोटे वाळू घाला, त्यावर झाकण नसलेला प्लॅस्टिकचा रिकामा डबा ठेवा आणि त्याच्या भोवती काठापर्यंत वाळू भरा. हा झाला तुमचा तलाव. आता बादलीच्या कडेने सावकाश पाणी ओता. डब्यात पाणी जाऊ देऊ नका. काही वेळाने डबा कुरकुरत वर येईल, बहुधा एका बाजूने आधी.

नंतर डबा पुन्हा बसवा, तो पाण्याने भरा आणि प्रयोग पुन्हा करा. तिसऱ्या खेपेस डबा रिकामा ठेवा, पण बूच काढा. भोकावर आतून कापडाचा तुकडा ठेवायला विसरू नका. तिन्ही वेळा काय झाले ते वहीत लिहा.

आणि आता एक गणित तुमच्यासाठी. तलाव उचलला जाऊ नये म्हणून एका घरमालकाने भिंती व तळ १५ऐवजी ३० सेंटिमीटर जाडीचे केले. बाहेरची मापे तीच ठेवली. काँक्रीटचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. भोवताली काठापर्यंत पाणी भरले असता त्याचा रिकामा तलाव जागच्या जागी राहील का? कागद-पेन्सिल घ्या, आतली मापे आधी काढा, आणि मग ठरवा की त्याने पैसे काँक्रीटवर घालायला हवे होते की खडीच्या चरावर.